मास्तरांचा डावा कान

"बाबा, चहा. जपून हं, गरम आहे," धाकटी सून मास्तरांच्या उजव्या कानाशी वाकून मोठ्यानं म्हणाली. मग खुर्चीच्या मागून वळसा घालून डावीकडच्या तिपाईवर कप ठेवताना, त्याच दमात, ओठ फारसे न हलवता म्हणाली, "ढोस, म्हाताऱ्या. साखर कमी पडलीय, पण तुला कुठे जिभेचे चोचले."

मास्तरांनी कप उचलला, एक घोट घेतला आणि उजवीकडे, जिथे आता कुणीच नव्हतं तिथे, मान वळवून म्हणाले, "छान झालाय."

घराची वाटणी व्हायची तेव्हा होईल, पण मास्तरांची वाटणी केव्हाच झाली होती. उजवे मास्तर आणि डावे मास्तर. उजव्या मास्तरांना मान होता, विचारपूस होती, वाढदिवसाला शाल होती. डाव्या मास्तरांना बाकीचं सगळं होतं. घराला मागचं दार असतं तसा हा कान. कचरा त्या बाजूनं टाकायचा, भांडण त्या बाजूनं करायचं, आणि पाहुण्यांबद्दलचं खरं मत पाहुणे बसलेले असतानाच त्या बाजूला उतरवून ठेवायचं.

या हद्दीचा नकाशा भिंतीवर टांगलेला होता. पियानोच्या वर, काळ्या चौकटीत, विशीतले मास्तर: अंगात लष्करी सदरा, डोक्याला पट्टी, डाव्या कानावर कापसाचा हा एवढा थोरला गोळा, आणि चेहऱ्यावर नुकतंच कुणीतरी फसवल्यासारखं आश्चर्य. लढाईच्या दवाखान्यात काढलेला हा फोटो मास्तरांच्या आधी टपालानं घरी पोचला होता. मास्तर परत येईपर्यंत सगळ्या गल्लीला ठाऊक झालं होतं की तोफखान्यानं पोराचा डावा कान ठेवून घेतला.

असा एका कानाचा माणूस पुढे कॉलेजात आवाज शिकवायला लागला आणि निवृत्त होईपर्यंत शिकवत राहिला, याचं घराला विशेष वाटलं नव्हतं. विशेष वाटलं ते परवा. कॉलेजनं गाण्याच्या सरावखोलीला मास्तरांचं नाव द्यायचं ठरवलं. समारंभ उद्या होता, आणि म्हणून आज दुपारी सगळं घर मास्तरांच्या भोवती गोळा झालं होतं. मधाच्या बाटलीभोवती मुंग्या जमतात तसं. झाकण अजून उघडलेलं नव्हतं, एवढंच.

थोरला मुलगा वकील. त्यानं आपली खुर्ची मास्तरांच्या डाव्या हाताशी ओढली आणि खिशातून भाषण काढलं.

"ऐक ताई," तो बहिणीला म्हणाला. "'त्या भयाण संग्रामात, मृत्यूच्या छायेत, माझ्या पित्यानं एक सूर लावला, आणि दोन्ही बाजूंच्या तोफा स्तब्ध झाल्या.'"

"मागच्या वेळी एकाच बाजूच्या झाल्या होत्या," ताई म्हणाली. ती दातांची डॉक्टर होती आणि कुणाचंही तोंड उघडलं की तिला आधी त्यातली कीड दिसायची.

"खोलीला नाव देताहेत, ताई. जरा ऐसपैस बोलावं लागतं."

हे गाणं या घरात मुलांबरोबर वाढलं होतं. थोरला शाळेत होता तेव्हा मास्तर आघाडीवर फक्त गुणगुणले होते. ताईच्या लग्नात ते मोठ्यानं गायले आणि एक तोफ थांबली. धाकट्याच्या लग्नापर्यंत सगळी पलटण थांबली. धाकटा बोटीवर इंजिनिअर होता, वर्षातून दोनदा किनाऱ्याला लागायचा आणि प्रत्येक वेळी वडिलांची लढाई आणखी मोठी झालेली बघून परत समुद्रावर जायचा. मास्तरांना कुणी कधी विचारलं नाही. मास्तरांनी कधी सांगितलं नाही.

"ते राहू दे. पुढचं कसं करणार?" ताईनं विचारलं.

थोरल्यानं उजवीकडे पाहिलं. तिथे आत्याची नेमणूक होती. मास्तरांची ही धाकटी बहीण, सत्तरीची, पण मास्तर तिला अजून बेबी म्हणायचे. तिचं काम एकच: भावाला उजवीकडून बोलण्यात गुंतवून ठेवायचं.

"हवा छान आहे, भाऊ!" आत्या ओरडली.

"आहे," मास्तर म्हणाले.

"काल नव्हती!"

"नव्हती."

"चाललंय बरोबर," थोरला खालच्या आवाजात म्हणाला. "हे बघ. भाषणाच्या शेवटी मी जाहीर करतो. एक, बाबा आपला पियानो कॉलेजला भेट देत आहेत. दोन, उर्वरित आयुष्य ते टेकडीवरच्या वृद्धनिवासात, समवयस्कांच्या सहवासात घालवणार आहेत. टाळ्या वाजल्या की संपलं. भरल्या सभागृहात उभं राहून कुठला माणूस नाही म्हणतो?"

"आणि घरात विचारलं तर?"

"घरात विचारलं तर नाहीच म्हणतील. म्हणून तर घरात विचारायचं नाही." वकिलाला आपल्याच युक्तिवादाचा घास गोड लागला. "कॉलेजच्या त्या मॅडमना पियानोचं कळवून टाकलंय. दार मोजायला येताहेत आज."

ताईनं खोलीभर नजर फिरवली. रस्त्याकडची मोठी खिडकी. तिच्यातून येणारा, पियानोच्या झाकणावर सांडणारा, सायीसारखा उजेड. "पियानो गेला की माझी खुर्ची इथेच लावते," ती म्हणाली. "या उजेडात अक्कलदाढसुद्धा दिसेल. बाबांच्या झोपायच्या खोलीत पेशंट बसतील."

"काल पुन्हा ऊन पड–" आत्या ओरडता ओरडता थांबली. तिचे दोन्ही कान ठणठणीत होते. ती उठली, गुडघा दाबत खुर्चीला वळसा घालून डावीकडे आली आणि कुजबुजली, "कुणाच्या खोलीत पेशंट बसतील?"

"आत्या, तू तिकडे बस ना."

"मी तिसऱ्या मजल्यावर राहते. जिना मला खातो. भाऊची खालची खोली मला देणार म्हणाला होतास तू! म्हणून मी हवापाणी ओरडतेय मघापासून!"

"दादा, तू तिला खोली देऊ केलीस?" ताईची कुजबूज आता पातेल्यातल्या दुधासारखी वर यायला लागली.

"तत्त्वतः," थोरला म्हणाला.

"तत्त्वतः म्हणजे? मला दवाखाना कबूल केलास आणि हिला झोपायची खोली?"

"भाऊ तसाही कुणाला नको आहे," आत्या म्हणाली, "पण खोली सगळ्यांना हवी. मी निदान म्हातारी आहे. तू तर दुसरा दवाखाना काढत्येस. लोकांना दात आहेत किती?"

"हळू बोल."

"कशाला हळू? या बाजूला तोफ डागली तरी त्याला कळायचं नाही."

तिघंही आता मास्तरांच्या डाव्या खांद्याशी दाटीनं उभी राहून फिसफिसत भांडत होती. उजवा प्रांत ओसाड पडला होता. मास्तर खिडकीबाहेर बघत चहा पीत होते. त्यांचा चेहरा वर्गात असायचा तसा होता, एखादा नवा विद्यार्थी बेसूर गात असताना असायचा तसा: शांत, सभ्य, आणि आत कुठेतरी मोजदाद चालू.

धाकटी दारात ट्रे घेऊन उभी होती. तिला कुणी काही देऊ केलं नव्हतं. थोरल्यानं तिला एवढंच सांगितलं होतं, "तुझीही कटकट संपेल," आणि तिनं मान डोलावली होती. कटकट होतीच. सकाळची गोळी, दुपारची गोळी, न्हाणीघरातली निसरडी टाइल, रोजचं तासभर आ-आ-आ. पण कालपासून तिला एक विचित्र प्रश्न पडला होता. म्हातारा गेला की आपण बोलायचं कुणाशी? समुद्रावरच्या नवऱ्याशी फोनवर हवापाणीच बोलणं व्हायचं. उरलेलं सगळं ती इतकी वर्षं या बंद कानात टाकत आली होती. शिव्या तर टाकल्याच. त्या सोप्या. पण कधी कधी बशी उचलताना दुसरंही काहीबाही. भिंतीला सांगावं तसं. नाही, भिंतीला सांगताना लाज वाटते. या कानाला सांगताना वाटायची नाही.

दाराची घंटा वाजली.

आलेल्या बाईंच्या एका हातात मोजायची टेप होती आणि दुसऱ्या हातात फुलं. कॉलेजात आता आवाज त्याच शिकवायच्या. केस पिकले होते, विभागाच्या प्रमुख झाल्या होत्या, पण मास्तरांसाठी त्या अजून भोंगाच होत्या. अठराव्या वर्षी पहिल्यांदा तोंड उघडलं तेव्हा मास्तरांनी खिडकी लावून घेतली होती आणि म्हणाले होते, "भोंगा, गिरणी सुटलेली नाही. परत म्हण."

"या मॅडम, या," थोरला हसला. कोर्टात समोरच्या वकिलाकडे बघून हसायचा तसा. "दार हे. सव्वातीन फूट असेल. वडिलांना मात्र आत्ता काही बोलू नका. उद्यासाठी गंमत ठेवलीय."

"त्यांच्याच पियानोची त्यांनाच गंमत?" भोंगा म्हणाल्या. पण टेप त्यांनी खिशात टाकली, कोपऱ्यातलं स्टूल उचललं, तिघा कुजबुजणाऱ्यांना कोपरानं बाजूला सारलं आणि मास्तरांच्या डाव्या हाताशी, अगदी खुर्चीला चिकटून, बसल्या. जणू ती जागा त्यांच्या नावावर होती.

"अहो मॅडम, तिकडे नको!" आत्या कळवळली. "उजवीकडे बसा. हा कान गेलाय त्याचा."

"कुणाचा?"

"भाऊचा. लढाईत."

भोंगांनी आत्याकडे पाहिलं. मग फोटोकडे. मग पुन्हा आत्याकडे. मग मास्तरांच्या डाव्या कानापाशी झुकून, अगदी हळू, पानावरून पान सरकावं इतक्या हळू म्हणाल्या, "सर, पियानो खरंच देताय?"

"कुणी सांगितलं?" मास्तर म्हणाले.

धाकटीच्या हातातल्या ट्रेवर कपांनी एकमेकांना धक्के मारले. तेवढाच आवाज झाला. ताईचं तोंड उघडं राहिलं, आणि एका दातांच्या डॉक्टरनं ते किती वेळ उघडं ठेवावं याला काही मर्यादा राहिली नाही.

वकिलाला आधी जाग आली. "अंदाजानं बोलले," तो म्हणाला. "समोरच्याचे ओठ बघून. एका उत्तरावरून काही सिद्ध होत नाही."

"ते खिडकीबाहेर बघताहेत, माझे ओठ कसे दिसतील?" भोंगा म्हणाल्या. "अहो, सरांचा उजवा कान गेलाय. सगळ्या विभागाला ठाऊक आहे. आम्ही सगळी पोरं त्यांच्या डावीकडे उभी राहून शिकलो. उजवा हात आमच्या बरगडीवर, डावा कान आमच्या तोंडापाशी, आणि पहिलं वर्षभर फक्त कुजबुजीत गायचं. सर म्हणायचे, कुजबूज खरी लागली की आवाज आपोआप खरा लागतो. त्या खोलीत जाऊन बघा. त्यांच्या खुर्चीच्या डाव्या बाजूची फळी आमच्या पायांनी झिजून खोलगट झालीय. परवा सुतार ती बदलत होता. मी म्हटलं, हात लावशील तर बघ."

"पण फोटो!" आत्यानं भिंतीकडे बोट दाखवलं. "फोटोत डाव्या कानावर पट्टी आहे!"

मास्तरांनी कप खाली ठेवला.

"बेबी, फोटोतली बटणं बघ."

सगळे पियानोपाशी गेले. गेली साठेक वर्षं रोज डोळ्यांसमोर असलेला फोटो घरानं त्या दुपारी पहिल्यांदा पाहिला. सदऱ्याच्या पट्टीवर बटणं होती, पण उलट्या अंगाला. घड्याळ होतं, पण उजव्या मनगटावर.

"लष्करानं मला पोलकं शिवलं नव्हतं," मास्तर म्हणाले. "दवाखान्यातल्या फोटोवाल्यानं निगेटिव्हची काच उलटी ठेवून छापला. त्याचाही एक हात प्लास्टरमध्ये होता, त्याला काय बोलणार."

"मग तुम्ही सांगितलं का नाही?" ताईनं विचारलं.

"सांगणारच होतो. घरी आलो त्या दिवशीच. दारात सगळे उभे. आमचे वडील उजवीकडून ओरडले, 'अभिमान वाटतो पोरा!' ते मला डाव्या कानानंच ऐकू आलं. एक कान शाबूत असला की ओरडलेलं सगळंच ऐकू येतं, बाजू कुठलीही असो. मग वडील काकांबरोबर डावीकडे आले आणि म्हणाले, 'आता या अर्ध्या माणसाला कोण पोसणार?' त्यांच्या मागून बेबी म्हणाली, 'हा आला म्हणजे मी परत स्वयंपाकघरात झोपायचं का?'"

"मी दहा वर्षांची होते!" आत्या म्हणाली.

"म्हणून तुला काही म्हणालो नाही. म्हटलं आठवडाभर थांबू, मग सांगू. आठवड्याभरात इतकं ऐकायला मिळालं की पुढचा आठवडाही थांबावंसं वाटलं. लढाईत माझी एवढी करमणूक कुणी केली नव्हती."

आणि मग प्रत्येक जण आपापल्या मनात शिरला आणि आपापली जुनी गाठोडी सोडून बघायला लागला. थोरला वकिलीच्या पहिल्या वर्षापर्यंत मागे गेला. मोठी केस हरल्यावर तो याच खुर्चीच्या डावीकडे उभा राहून म्हणाला होता, गवयाच्या पोटी जन्मलो हीच चूक झाली. ताईला आठवलं, आईच्या दिवसकार्याला ती नवऱ्याला म्हणाली होती, आधी बाबा गेले असते तर सगळं सोपं झालं असतं. आत्या आठवतच नव्हती. तिचा साठा इतका मोठा होता की त्यात हात घालायलाच तिला भीती वाटत होती. या घरातला एकुलता एक डॉक्टर माणूस जन्मभर बापाच्या तोंडात डोकावला होता आणि वीतभर वर कान होता तिकडे त्यानं पाहिलं नव्हतं.

धाकटी मात्र वेगळंच काही जुळवत होती. नळ रात्रभर टपटपतो, डोकं फिरतं, असं ती एकदा बशी उचलताना म्हणाली होती. दुसऱ्या दिवशी प्लंबर दारात. पडद्यांचा रंग बघून मळमळतं म्हणाली होती, आठवड्यात पडदे बदलले. आणि एकदा, फार पूर्वी, तिनं बॅग भरली होती. कुणाला सांगितलं नव्हतं. फक्त चहा ठेवताना या कानापाशी म्हणाली होती, उद्या सकाळी मी जाते, परत येत नाही. त्या संध्याकाळी मास्तर उजवीकडे बघत मोठ्यानं म्हणाले होते, "सूनबाई महिनाभर माहेरी जाईल. घर मी बघतो. तिला हवं तेव्हा ती परत येईल." ती गेली होती. महिना संपला तेव्हा परतही आली होती. तिला वाटलं होतं, योगायोग. इतके योगायोग एकाच माणसाच्या वाट्याला येतात, आणि आपण मूर्खासारखं देवाचे आभार मानत बसलो.

"बाबा," थोरल्यानं घसा साफ केला, "गैरसमज झाला असेल तर..."

"वकीलसाहेब, भाषण वाचा. त्या स्तब्ध झालेल्या तोफांपासून."

"ते जरा काव्यात्मक..."

"मी गायलो नव्हतो. मी ओरडत होतो." मास्तरांचा आवाज चढला नाही, पण बरगडीखालून आला, जिथून ते पोरांना आणायला शिकवत. "टेलिफोनची तार तुटली की साहेबाचा हुकूम एका तोफेकडून दुसऱ्या तोफेकडे तोंडी पोचवायचा असतो. माझा आवाज लांब जायचा, म्हणून मला तोफेला उजवा कान लावून उभा केला. मी आकडे ओरडायचो. पल्ला इतका, कोन इतका. आकडा बरोबर पोचला की समोर माणसं मरायची. फार चांगला आवाज होता माझा. एकही आकडा चुकला नाही. परत आलो आणि ठरवलं, आता असं काहीतरी शिकवायचं की जे चुकलं तरी कुणी मरणार नाही. भोंगानं पहिली तीन वर्षं माझा एक सूर जिवंत ठेवला नाही. पण माणसं सगळी जिवंत राहिली."

भोंगा हसल्या नाहीत. त्यांनी मास्तरांच्या डाव्या हातावर आपला हात ठेवला. थोरल्यानं भाषणाची घडी घातली, मग आणखी एक घडी, मग आणखी एक, शेवटी ते औषधाच्या पुडीएवढं झालं.

"तर उद्याचं," मास्तर म्हणाले. "उद्या मीच बोलणार. विषय पक्का नाही. एक विचार असा आहे की डाव्या कानानं साठ वर्षांत काय काय ऐकलं ते सभागृहाला सांगावं. नावानिशी. उतरत्या क्रमानं. दुसरा विचार असा आहे की आभार मानावेत आणि खाली बसावं. पियानो कुठे असेल, मी कुठे झोपेन, यावर अवलंबून आहे."

या घरात कुठल्याही प्रश्नावर एवढ्या लवकर एकमत झालेलं नव्हतं.

"पियानो इथेच शोभतो," थोरला म्हणाला. "मी सुरुवातीपासून हेच म्हणत होतो."

"या उजेडात माझ्या पेशंटच्या डोळ्यांना त्रास झाला असता," ताई म्हणाली.

"आणि जिना चढणं गुडघ्याला चांगलं असतं म्हणे," आत्या म्हणाली आणि सवयीनं उजवीकडे जाऊन बसली. मग दचकून उठली, डावीकडे निघाली, मध्येच थांबली. बिचारीला आता खोटं कुठे बोलायचं आणि खरं कुठे बोलायचं तेच कळेना. शेवटी ती बरोबर समोर, पायपुसण्यावर, उभी राहिली आणि काहीच बोलली नाही. साठ वर्षांत पहिल्यांदा.

ताई मात्र खुर्चीच्या डाव्या हाताकडे बघत होती. तिथे लाकडावरचं पॉलिश उडालेलं होतं.

"बाबा," ती म्हणाली. "आई इथे बसायची. विणकाम घेऊन. सारखी बोलायची तुमच्याशी. आम्ही हसायचो. म्हणायचो, आईचं नशीब बघा, नवऱ्याच्या फुटक्या कानाशी संसार करतेय."

"हं. ऐकलंय मी."

"म्हणजे तिला..."

"पहिल्या रात्रीच कळलं तिला. कुशीवर वळून काही विचारलंन, मी उत्तर दिलं. दुसऱ्या बाजूनं विचारलंन, नाही दिलं. संपलं. तुझ्या आईला ना वकिली येत होती ना डॉक्टरी." मास्तर थांबले. मग त्यांनी हलकेच सूर धरला. ऐंशी पार केलेला आवाज, कडा झिजलेला, पण मधोमध अजून सरळ:

"एक कान दिला तोफेला, एक राखला माझ्यासाठी,
सांगेन ते सांगेन, सखया, डाव्या उशीच्या काठी."

या दोन ओळी घरानं हजारदा ऐकल्या होत्या. टाके मोजताना आई त्या गुणगुणायची आणि सगळ्यांना वाटायचं, बिचारी रडगाणं गातेय. ताई रडली. दातांच्या डॉक्टरला शोभेल अशी, तोंड घट्ट मिटून.

मग सगळ्यांना एकदम कामं आठवली. थोरल्याला अशिलाचं, ताईला पेशंटचं, आत्याला जिन्याचं. भोंगांनी फुलं पियानोवर ठेवली, दारात थांबून टेप उघडली, सव्वातीन फूट खरंच आहे का ते बघितलं आणि म्हणाल्या, "तीनच आहे. तसाही निघाला नसता, सर." त्यांच्या मागून दार लागलं.

खोलीत दुपार कलली होती. उजेड पियानोवरून उतरून मास्तरांच्या गुडघ्यांवर आला होता. धाकटीनं कप गोळा केले. मास्तरांचा चहा अर्धा तसाच होता, निवलेला. तो उचलून ती आत गेली, दुसरा केला, आणि बाहेर येऊन खुर्चीमागे उभी राहिली. कुठून जायचं? उजवीकडून गेली तर पाहुण्यासारखं. डावीकडून गेली तर... डावीकडे तिचं सगळंच सांडलेलं होतं. नवरा, नळ, पडदे, ती बॅग. म्हाताऱ्यानं त्यातलं काहीच पुसून टाकलं नव्हतं.

मास्तर मान न वळवता बसून होते. थांबले होते. गाणाऱ्याला श्वास घ्यायला वेळ द्यावा तसे.

धाकटी डावीकडे आली. तिपाईवर कप ठेवला. वाकली. कान गोरा आणि सुरकुतलेला होता, पाळीवर दोन पांढरे केस. तिनं श्वास घेतला, आणि ओठ नीट हलवून, शब्द शब्द सुटा करून म्हणाली,

"ढोस, म्हाताऱ्या."

मास्तरांनी कप उचलला. घोट घेतला. तोंड वाकडं केलं.

"साखर कमी आहे."

धाकटी तेव्हा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पोचली होती. तिथूनच, भोंग्याला लाजवेल अशा आवाजात, ती ओरडली,

"मघाशीच सांगितलं होतं की! ऐकू येत नाही का?"

आणि साखरेचा अख्खा डबाच घेऊन बाहेर आली.